मीटरशेजारचा कागद

मामा,

तुमच्या तेरवीच्या पंगतीत बेबीताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. वाढपी पुढे सरकला तशा त्या माझ्याकडे वळल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी तारीख हाये ना वो ताई. आता कोन बोलन?"

"मी," असं म्हणाले खरी. पण काय बोलायचं ते अजून जुळत नाही. आज शनिवार. मामीनं तुमची कापडी पिशवी माझ्या हवाली केली आहे. तिच्यात बेबीताईंची सगळी बिलं आहेत, सुनावणीसाठी तुम्ही हाताने लिहिलेलं निवेदन आहे, आणि बारीक छपाई वाचायचं तुमचं भिंग. अमरावतीला बाबांच्या छापखान्यात बसून मी ते कागद ओळीने लावते आणि दर वेळी माझा क्रम चुकतो. मामी म्हणाली, "मामावर काईतरी लिही, तुले लिहिता येते." तुमचा जन्म, नोकरी, स्वभाव असं सगळं तिला हवं आहे. ते मला जमणार नाही. माझं तुमच्याशी भांडण अर्धं राहिलं आहे. ते मिटायच्या आधी तुम्ही गेलात, याचा मला दुःखाइतकाच रागही आहे.

बेबीताईंची भेट तुम्हाला त्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात झाली होती. निवृत्त झाल्यावर अकोल्यात दर गुरुवारी तुम्ही त्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचे आणि लोक आपापली विजेची बिलं घेऊन यायचे. ताईंनी जळालेली मोटार दुरुस्तीला आणली होती आणि सोबत बिल, कारण मोटारीपेक्षा त्यांना बिलानं जास्त चटका दिला होता. बार्शीटाकळीत त्यांचं मिरची कांडप आहे. टिनाची शेड, एक मोटार, खालीवर होणारी लोखंडी मुसळं. नवरा गेल्यापासून त्या एकट्या चालवतात. होळीपासून पाऊस लागेपर्यंत भोवतालच्या गावांतल्या बायका वर्षाचं तिखट कुटून न्यायला येतात. बाकीचे महिने मशीनवर पोतं झाकलेलं असतं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कंपनीनं त्यांचं मीटर सदोष ठरवून काढून नेलं, नवं बसवलं, आणि पोतं झाकलेल्या महिन्यांची बिलं उन्हाळ्याच्या सरासरीनं लावली. न वापरलेल्या विजेचं बिल. ते भरलं नाही म्हणून दंड. दंड भरला नाही म्हणून व्याज.

त्या गुरुवारी मी तुमच्याजवळच बसले होते. मी बिल हातात घेतलं आणि एकदम खालच्या रकमेवर बोट ठेवून म्हणाले, "मामा, ही लूट आहे!"

तुम्ही माझं बोट उचलून बाजूला केलं. "रक्कम सगळ्यात शेवटी वाचाची, पोरी. रक्कम वाचली का मानूस घाबरते, नाई तं भडकते. दोघायले बाकीचं दिसत नाई."

मग तुम्ही भिंग लावून बिल वरून खाली वाचलं. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, मीटरचा फोटो. चार महिने ओळीनं फोटोच्या जागी नुसताच राखाडी चौकोन होता. तुम्ही ताईंना विचारलं, "मानूस आलता का हो मीटर पाहाले?" त्या म्हणाल्या, "कोनी नाई आलं दादा. मी तं दिवसभर दारातच असतो." तुम्ही भिंग पुन्हा त्या चौकोनावर धरलंत. तुमचा चेहरा तेव्हा का उतरला हे मला पुढे कळलं.

पुढे म्हणजे दिवाळीत. मामीनं चिवडा केला होता, आपण गच्चीवर बसलो होतो, आणि तुम्ही न विचारता सांगायला लागलात. तुम्ही स्वतः मीटर रीडर. तरुणपणी धारणीकडे बदली झाली. रस्ते खराब, गावं लांब, जीप मिळाली तर मिळाली. म्हणून तुम्ही चहाच्या टपरीवर बसून अंदाजानं आकडे भरायचे. सगळेच भरायचे. एकदा एक म्हातारी बिल घेऊन चालत टपरीवर आली. घरात एक बल्ब. तिनं भांडण केलं नाही. नुसतं विचारलं, "साब, तुम मेरे घर आया कब?"

"बस, येवढंच," तुम्ही म्हणालात. "म्या सांगतलं, आलतो, तू नव्हती. थे म्हने, मैं कहाँ जाऊँगी. आन् गेली चालली."

त्या दिवसानंतर तुम्ही एकही दार चुकवलं नाही, असं मामी सांगते. आणि निवृत्तीनंतर लोकांना जो एकच नेम घालून दिला तो त्या म्हातारीनं दिलेला आहे, असं मला वाटतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरवरचा आकडा मीटरशेजारच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं लिहायचा. तारीख, आकडा, सुताराच्या जाड पेन्सिलीनं. वही नाही. तुम्ही म्हणायचे, वही हरवते, पोरं फाडतात, लग्नाच्या यादीले वापरतात. भिंत कुठी जात नाई. बेबीताई तुम्हाला भेटायच्या आधीच हा नेम ऐकून होत्या आणि आपल्या शेडमध्ये पाळत होत्या.

मामा, भिंत कुठे गेली नाही. भिंतीवर मी चढले.

मी कशी वाढले हे तुम्हाला माहीत आहे. बाबांच्या छापखान्यात मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'धिक्कार' आणि 'चलो' वाचता यायचं. शाळेचा डबा मोर्चाच्या उरलेल्या कागदात बांधलेला असायचा आणि पोळीला शाईचा वास यायचा. तुम्ही आलात की बाबांना चिडवायचे, "भाऊजी, तुमच्या घरी उद्गारचिन्हं लय स्वस्त हायेत." बाबा हसायचे. मला राग यायचा. मला वाटायचं, हा माणूस आयुष्यभर साहेबांच्या हाताखाली राहिला, याला ठिणगी काय कळणार.

बेबीताईंचं बिल पाहिल्यावर मी घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'चुकीच्या बिलाचा एक रुपयाही भरणार नाही!' बाबांनी लाल शाईत काढून दिलं. नांदगाव पेठेत गिरणीकामगारांच्या खोल्यांवर वाटलं, अकोल्यात वाटलं, आणि कणकेच्या खळीचा डबा घेऊन बार्शीटाकळीला गेले. ताईंची शेड अंधारी. भिंतींवर वर्षानुवर्षांचं लाल तिखट बसलेलं. येणाऱ्या प्रत्येक बाईची नजर जाईल अशी जागा मी शोधली. मीटरच्या शेजारची. हातानं भिंत झाडली, त्या अंधारात पेन्सिलीचं काही दिसलं नाही, खळ फासली, कागद दाबून बसवला. ताई डबा धरून माझ्या मागेच उभ्या होत्या.

त्यांनी बघितलं होतं, मामा. त्या कागदाखाली काय आहे हे त्यांना माहीत होतं. मी नंतर विचारलं, "ताई, मला थांबवलं का नाही?" तर त्या म्हणाल्या, "तुमी मामाची भाची. शिकलेल्या. मले वाटलं तुमाले ठाऊक असन." मी चुकले एवढं पुरलं असतं. माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवून त्यांनी स्वतःचा पुरावा झाकू दिला, हे मला रात्रंदिवस कुरतडतं.

मग वीज तोडण्याची नोटीस आली. पंधरा दिवसांची मुदत. तुम्ही ताईंना फोन करून सांगितलं की कायद्यात सोय आहे. बिल वादात असलं तरी हरकत नोंदवून गेल्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरा, वाद मिटेपर्यंत लाइन तोडता येत नाही. मी त्यांना सांगितलं, अजिबात भरू नका. भरलं म्हणजे कबूल केलं. आज तुम्ही वाकलात तर उद्या सगळ्या गावाला वाकवतील. ताईंनी माझं ऐकलं. पत्रक छापलेलं होतं ना. छापलेल्या गोष्टीला वजन असतं.

सोळाव्या दिवशी लाइनमन खांबावर चढला.

त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही आणि मी बार्शीटाकळीला गेलो. वीजग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंचापुढे तक्रार दाखल झाली होती, तुम्हाला भिंतीवरच्या नोंदींचे फोटो जोडायचे होते. शेडमध्ये आवाज नव्हता. होळी जवळ आली होती, दोन बायका मिरचीची गाठोडी घेऊन आल्या आणि मुसळं थांबलेली बघून परत फिरल्या. तुम्ही चष्मा चढवून मीटरजवळ गेलात, भिंतीवर हात ठेवलात, आणि तुमचा हात माझ्या कागदावर थांबला.

"हे कोनं चिकटवलं?"

"मी," मी म्हणाले. मामा, मी ते अभिमानानं म्हणाले. मला वाटलं तुम्ही मजकूर वाचताय.

तुम्ही कागदाचं एक टोक नखानं उचलायचा प्रयत्न केलात. टोकासोबत चुन्याचा पापुद्रा निघाला तसं सोडून दिलंत. ताईंनी चहा केला. तुम्ही बशीत ओतून प्यालात, त्यांच्या लेकीच्या परीक्षेची चौकशी केलीत, आणि मला तिथे एक शब्द बोलला नाहीत.

बोललात ते अकोल्याच्या बसस्थानकावर. तिथल्या गर्दीत तुमचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"तुले भांडन जिंकाचं हाये, का थ्या बाईचं मशीन चालू कराचं हाये?"

"दोन्ही एकच आहे मामा."

"एक नाई. तुह्या कागदानं लोकं पेटतीन. मुसळ फिरत नाई त्यानं. हरकत लिहून भरलं असतं तं आज तिची लाइन असती."

"तुम्ही आयुष्यभर असंच केलं. भरा आणि मग रडा. म्हणून ते आकडे मनानं भरत राहतात. तुम्हीही भरलेच ना!"

हे मी बोलले. गच्चीवर विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी तुमच्या तोंडावर फेकली, बसची वाट बघणाऱ्या चार अनोळखी माणसांसमोर. अमरावतीची गाडी लागली. मी पिशवी उचलली. आणि तुम्ही नेहमीसारखे वाकलात.

आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. पुण्याच्या मैत्रिणींना सांगितलं की त्या हसतात, पण मी पाळण्यात असल्यापासून तुम्ही माझ्या पाया पडत आलात. दहावीच्या निकालाला, तापानं फणफणले होते तेव्हा, प्रत्येक वेळी निघताना. मी लहानपणी तुमच्या टकलावर टपली मारायची. त्या दिवशी मी पाय मागे घेतले. तुमचा हात बसस्थानकाच्या फरशीला लागला. तुम्ही तोच हात कपाळाला लावलात आणि सरळ उभे राहिलात, कंबर धरून.

मी गाडीत बसले. खिडकीतून बघितलंही नाही. नऊ दिवसांनी बाबा छपाई थांबवून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मामा गेले." मशीन बंद करून आलेले बाबा मी त्याआधी कधी बघितले नव्हते.

त्या नऊ दिवसांत मी तुमच्याशी मनातल्या मनात किती वाद घातला, सांगू? मी दरवेळी जिंकायचे. आता हरायला लागले आहे. तुमची बाजू मला अजूनही पूर्ण पटत नाही, हे मेलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून लपवणार नाही. हरकत नोंदवून पैसे भरणाऱ्यांपैकी किती जण पुढे भांडायला जातात? बहुतेक थकतात. कंपनीला ते ठाऊक असतं. दंड हा हिशेब नसतो, तो माणूस किती दिवस टिकतो याची परीक्षा असते. मी हे मंगळवारीसुद्धा म्हणेन. पण ज्याची वीज तुटणार आहे त्यानं किती धोका घ्यायचा, हे ज्याच्या घरी वीज आहे त्यानं छापून ठरवायचं नसतं. एवढं मला कळायला हवं होतं. मुसळं बंद पडल्यावर शेडमध्ये किती शांत वाटतं, हे ऐकल्याशिवाय मी ते पत्रक लिहायला नको होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि बेबीताई वीज कार्यालयात गेलो. ताईंनी बचत गटातून रक्कम उचलली होती. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "पूर्ण भरा नाहीतर राहू द्या." मला भडकायचं होतं. तोंडात वाक्य तयार होतं, उद्गारचिन्हासकट. पण मी तुमच्या पिशवीतला हरकतीच्या अर्जाचा नमुना काढला, कलमाचा आकडा वाचून दाखवला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच मागितली. तो आत गेला. वीस मिनिटं आला नाही. त्या वीस मिनिटांत मी तो नमुना तीनदा वरून खाली वाचला. मग तो आला, शिक्का मारला, पावती दिली. पावतीच्या मागे ताईंनी तुमचं वाक्य स्वतःच्या हातानं लिहिलं: 'बिल मान्य नाही. हरकत राखून भरले.' लिहून झाल्यावर म्हणाल्या, "येवढंच लिहाचं होतं का वो?"

एवढंच लिहायचं होतं, मामा.

जोडणी अजून आलेली नाही. लाइनमन परवा येतो म्हणाला, आणि त्याचे दोन परवा होऊन गेले. होळी झाली. गावातली मिरची आता दुसऱ्या कांडपावर जाते आहे. ताई रोज सकाळी मशीनवरचं पोतं काढून तेलपाणी करतात आणि संध्याकाळी पुन्हा झाकतात. हंगाम गेला तर पुढचं वर्ष कशावर काढायचं, हे त्या बोलत नाहीत. त्यांच्या लेकीनं मला विचारलं, "ताई, मी फॉर्म भरू का नको कॉलेजचा?"

काल मी भिंत भिजवली. कोमट पाण्यात फडकं बुडवून, पिळून, कागदावर धरून ठेवायचं. ओढायचं नाही. सकाळी दहापासून दुपारी अडीचपर्यंत. ताई शेजारी पातेलं धरून होत्या, जशा तेव्हा खळीचा डबा धरून होत्या. माझी लाल अक्षरं आधी विरघळली. त्यांचा रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मग कागद लगद्यासारखा निघायला लागला. कुठे चुना सुटून आला, कुठे भिंत तशीच राहिली. अकरा महिन्यांच्या नोंदी होत्या. पाच वाचता येतात. त्यातल्या दोन नेमक्या पावसाळ्याच्या आहेत, जुलै आणि ऑगस्ट, आणि त्या दोन आकड्यांत जेमतेम एका दिव्याच्या विजेचा फरक आहे. बाकीच्यांच्या जागी भिंत नुसती पांढरी आहे. सप्टेंबरच्या नोंदीतला पहिला अंक दिसतो, पुढचे नाहीत. मी फोटो काढले. शेडच्या अंधारात पहिले सगळे धूसर आले. मी पुन्हा काढले.

पाच पुरतील का? तुम्हाला माहीत असतं. तुम्ही हनुवटी खाजवून 'पुरतीन' किंवा 'कठीन हाये' असं काहीतरी म्हणाला असतात आणि मला झोप लागली असती.

आता शेवटची गोष्ट. तुमचं निवेदन मी तुमच्याच पद्धतीनं वाचलं, वरून खाली, एकही ओळ न गाळता. पाचव्या परिच्छेदात तुम्ही लिहिलं आहे: 'ग्राहकाने मीटरशेजारील भिंतीवर दरमहा नोंदी केल्या होत्या. सदर नोंदींवर एक कागद चिकटवला गेल्याने त्या झाकल्या आहेत. हा कागद माझ्या हातून चिकटवला गेला, ग्राहकाचा त्यात दोष नाही.' आणि खाली तुमची सही.

मी ती ओळ दहा वेळा वाचली. आयुष्यभर मनानं भरलेल्या आकड्यांचं ओझं वाहिलेल्या माणसानं जाता जाता एक खोटी नोंद केली, आणि ती माझ्यासाठी. बसस्थानकावरून घरी जाऊन तुम्ही हे लिहिलंत. तारीख तीच आहे.

मला नवीन निवेदन टाइप करता आलं असतं. नव्या अधिकारपत्रावर ताईंनी सही केलीच आहे, आता प्रतिनिधी मी आहे. पण मला तुमचं अक्षर तिथे जायला हवं आहे. म्हणून मी त्या ओळीतल्या 'माझ्या' या शब्दावर एकच रेघ मारली, तुम्ही शिकवलं होतं तशी, खालचं वाचता येईल अशी. वर माझं नाव लिहिलं आणि बाजूला सही केली. मंचावरच्या माणसांना दोन्ही दिसतील. त्यांनी विचारलं की हे काय आहे, तर मी सगळं सांगणार आहे. पत्रक मीच लिहिलं, मीच चिकटवलं, भरू नका असंही मीच सांगितलं, आणि यात बेबीताईंचा दोष नाही. त्यावर कंपनीचा वकील हसेल. पुरावा तुम्हीच बुडवला म्हणेल. मग मी त्याला राखाडी चौकोन दाखवेन आणि त्या म्हातारीचा प्रश्न विचारेन. तुमचा माणूस आला कधी?

हे सगळं मी आरशासमोर म्हणून बघितलं. उद्या आणि परवा पुन्हा म्हणेन, मग गाडीत म्हणेन.

मंगळवारी सकाळी मी अकोल्याच्या त्याच फलाटावर उतरेन. तुमचा हात फरशीला लागला होता तिथे क्षणभर थांबेन, कोणी बघत असलं तरी. आणि तिथून चालत सुनावणीला जाईन, बेबीताईंना सोबत घेऊन. या वेळी पाय, मामा, मागे घेणार नाही.